विश्वचषकाचा परवाना आणि पडद्यावरचा भारत

चिपळूण, प्रतिनिधी : भारताचा वरिष्ठ फुटबॉल संघ विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत आजवर एकदाही खेळलेला नाही. १९५० साली ब्राझीलला जाण्याची संधी होती, पण संघ गेला नाही. व्हिडिओ गेमच्या पडद्यावर मात्र भारताला विश्वचषकापर्यंत नेण्याची वाट खुली झाली होती. ती खुली केली ‘अधिकृत परवान्या’ने.

परवाना म्हणजे काय?

फुटबॉलचे नियम कोणाच्या मालकीचे नाहीत. त्यामुळे फुटबॉलचा गेम कोणीही काढू शकतो. परंतु स्पर्धेचे नाव, बोधचिन्ह, चषक, संघांचे गणवेश आणि खेळाडूंची नावे वापरायची तर हक्कदारांना पैसे मोजावे लागतात. परवान्याअभावी जपानच्या कोनामी कंपनीच्या गेममध्ये मँचेस्टर युनायटेडला बराच काळ ‘मॅन रेड’ या टोपणनावाने खेळावे लागले.

फसलेला प्रारंभ

केवळ परवान्याने गेम चांगला होत नाही, हे १९८६ मध्येच दिसून आले. मेक्सिकोतील विश्वचषकासाठी ब्रिटनच्या यूएस गोल्ड कंपनीने ‘वर्ल्ड कप कार्निव्हल’ आणला. नवा गेम वेळेत तयार न झाल्याने दुसऱ्या कंपनीचा १९८४ सालचा जुना गेम थोडाफार बदलून, स्पर्धेचा तक्ता जोडून विकण्यात आला. समीक्षकांनी त्यावर टीकेची झोड उठविली.

ईएची कारकीर्द

इलेक्ट्रॉनिक आर्ट्स अर्थात ईए या अमेरिकी कंपनीने १९९८ ते २०१४ या काळातील पाचही विश्वचषकांसाठी स्वतंत्र गेम काढले. युरो स्पर्धेसाठीही २०००, २००४ आणि २००८ मध्ये तिचे वेगळे गेम आले. २०१० च्या दक्षिण आफ्रिका आवृत्तीत १९९ राष्ट्रीय संघ होते. २०१४ च्या ब्राझील आवृत्तीत तर पात्रता फेरीत उतरलेले सर्व २०३ संघ घेतले गेले.

त्या पात्रता फेरीत भारत जुलै २०११ मध्ये संयुक्त अरब अमिरातीकडून दोन सामन्यांत मिळून २-५ असा पराभूत झाला होता. गेममध्ये मात्र हीच वाटचाल पुन्हा खेळून निकाल बदलता येत होता. अडचण एकच होती. २००६ पर्यंतचे विश्वचषक गेम संगणकावर चालत. २०१० आणि २०१४ चे चालत नसत. २०१४ च्या गेमसाठी प्लेस्टेशन ३ किंवा एक्सबॉक्स ३६० लागे. घरी केवळ संगणक असलेल्यांना ही वाट बंदच राहिली.

स्वतंत्र गेमचा अस्त

२०१८ पासून चित्र पालटले. रशियातील विश्वचषक ‘फिफा १८’मध्ये, तर कतारचा ‘फिफा २३’मध्ये विनामूल्य जोड म्हणून आला. संगणकावर खेळणाऱ्यांना विश्वचषक परत मिळाला; पण पात्रता फेरीचा प्रवास गळाला. छोट्या देशांसाठी तोच तर महत्त्वाचा होता. युरोचा परवाना २०१६ आणि २०२० च्या स्पर्धांसाठी कोनामीकडे गेला व २०२४ साठी ईएकडे परतला.

मे २०२२ मध्ये ईए आणि फिफा यांनी विभक्त होण्याचे जाहीर केले. २०२३ पासून ईएचा गेम ‘एफसी’ या नावाने येऊ लागला आणि फिफा नावाचे जुने गेम डिजिटल दुकानांतून काढून घेण्यात आले. ज्यांच्याकडे जुन्या डिस्क आहेत, त्यांच्यापाशीच तो काळ उरला.

भारताच्या वाट्याला काय?

चिपळूणच्या उत्तरेला मुंबई व दक्षिणेला गोवा, या दोन्ही ठिकाणचे क्लब ‘फिफा २२’मध्ये दाखल झाले, त्यात प्रथमच इंडियन सुपर लीगचा समावेश होता. राष्ट्रीय संघाचे गणित मात्र तसेच राहिले. २०२६ च्या विश्वचषकासाठी संघांची संख्या ४८ करण्यात आली, तरी भारत जून २०२४ मध्ये पात्रतेच्या दुसऱ्या फेरीतच बाद झाला. परवान्याने नाव आणि गणवेश मिळतो; मैदानावरचे स्थान मैदानावरच मिळवावे लागते.