बारामती-इंदापूर भागातील प्राथमिक शाळा : आरोग्य आणि नागरिकत्व यांच्या शिक्षणाचा इतिहास

सन १८८२ च्या ऑक्टोबर महिन्यात जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात खेड्यांतील प्राथमिक शाळांत काय शिकवले जावे याची एक लहानशी यादी आढळते. मोडी व बाळबोध लिपींचे लेखन-वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतकीचे प्राथमिक ज्ञान, आणि शेवटी नीतिकर्तव्ये व आरोग्यरक्षण यांवरील काही थोडे पाठ, असे तिचे स्वरूप आहे. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, ही त्याच निवेदनातील मागणी सर्वपरिचित आहे. यादीच्या अखेरीस आलेले हे दोन विषय मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिले. वस्तुतः आज ज्यास नागरिकत्वाचे व आरोग्याचे शिक्षण म्हणतात, त्याची एतद्देशीय मागणी येथे स्पष्टपणे नोंदलेली आहे. फुल्यांनी ती एका कडव्या प्रश्नाशी जोडली होती : शाळांसाठी कर भरावा शेतकऱ्याने आणि त्याचा लाभ घ्यावा इतरांनी, हा कोणता न्याय?

हा प्रश्न ज्या प्रदेशास विशेष लागू होता, त्यांपैकी पुणे जिल्ह्याचा पूर्वभाग हा एक होय. बारामती त्या काळी भीमथडी तालुक्यात मोडत असे. इंदापूर हा स्वतंत्र तालुका होता. भीमा आणि नीरा या दोन नद्यांमधला हा टापू सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो आणि नीरा नरसिंगपूरच्या संगमापाशी संपतो. येथील पाऊस थोडा आणि लहरी. मोरोपंतांच्या वास्तव्यामुळे बारामतीचे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात अजरामर झाले खरे. पण कुणब्याच्या, रामोश्याच्या वा महाराच्या मुलास त्या विद्येचा काही वाटा मिळाला असेल असे मानण्यास आधार नाही. इंग्रजी अंमलात हा भाग महसुली प्रयोगांचे क्षेत्र बनला. मुंबई इलाख्यातील रयतवारी पाहणीची जी पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली, तिचा पहिला बंदोबस्त १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात केला. ज्या १८७५ च्या दंग्यांनी दख्खनमधील शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणाकडे सरकारचे लक्ष वेधले, त्यांचा आरंभ १२ मे रोजी सुपे येथील बाजारात झाला. सुपे हे गाव आज बारामती तालुक्यात आहे.

शेतसाऱ्यावर दर रुपयास एक आणा ‘लोकल फंड’ पट्टी १८६३ पासून बसवण्यात आली. १८६९ च्या कायद्याने तिला रीतसर आधार मिळाला. तिच्यातील एक तृतीयांश रक्कम शाळांकडे व उरलेली रस्ते इत्यादी कामांकडे जात असे. म्हणजे सुप्याच्या बाजारात ज्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, तेच या भागातील शाळांचे कर्तेधर्ते अन्नदाते होते. मात्र आपल्या पट्टीचे काय होते हे विचारण्याचा अधिकार त्यांना नव्हता. नागरिकत्वाच्या शिक्षणाचा विचार करताना हा आरंभबिंदू ध्यानात ठेवणे अवश्य आहे. बारामती-इंदापूरच्या इतिहासावरून असे दिसते की, आरोग्य व नागरिकत्व हे विषय पाठ्यपुस्तकांच्या द्वारा येथे फारसे रुजले नाहीत. ते आले शाळेच्या कारभारातून, शाळेतल्या पाण्यातून आणि शाळेच्या पटावरून. आणि जेथे ही वाट अडली तेथे धडाही अडला.

पाठ्यपुस्तकांची गोष्ट थोडक्यात उरकता येईल. सर विल्यम ली-वॉर्नर या मुंबई इलाख्यात कारकीर्द घालवलेल्या अधिकाऱ्याचे ‘सिटिझन ऑफ इंडिया’ हे पुस्तक १८९७ साली प्रसिद्ध झाले व ते शाळांतून वाचले जाऊ लागले. हिंदी विद्यार्थ्यास ‘नागरिक’ या नात्याने संबोधणारे हे पुस्तक त्याला मुख्यतः राज्यव्यवस्थेचे उपकार समजावून देते. ज्या वर्षी ते निघाले त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी घरोघर झडत्या झाल्या, रँडचा खून झाला आणि टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. पूर्वेकडील तालुक्यांत तेव्हा दुष्काळ चालू होता. आरोग्य म्हणजे घरात शिरणारा शिपाई आणि नागरिकत्व म्हणजे सरकारची स्तुती, असा अर्थ एखाद्या विद्यार्थ्याने लावला असता तर तो अगदीच चुकीचा ठरला नसता.

आरोग्याचा धडा मात्र येथे फार गुंतागुंतीचा होता, आणि त्याचे कारण पाणी. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर भाटघर येथील धरण व नीरा डावा कालवा ही कामे उभी राहिली आणि १८८५ च्या सुमारास कालव्याचे पाणी बारामती व इंदापूरच्या शिवारात खेळू लागले. यामुळे एकाच तालुक्याचे दोन तालुके झाले म्हटले तरी चालेल. कालव्याखालील गावांत ऊस आला, गुऱ्हाळे आली, आणि त्याबरोबरच साचलेले पाणी, चिबड जमिनी व हिवतापही आला. कालव्यावरच्या कोरडवाहू गावांत पूर्वीचीच टंचाई राहिली.

दख्खनच्या अशा कोरडवाहू पट्ट्यांतील नारू या रोगाचे उदाहरण येथे विस्ताराने पाहण्याजोगे आहे. पायऱ्यांच्या विहिरीत माणूस पाण्यात उतरतो. त्याच्या पायावर नारूचे फोड असल्यास त्यांतून कृमीची पिल्ले पाण्यात पडतात. पाण्यातील सूक्ष्म जलचर ती गिळतात, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या शरीरात सुमारे वर्षभराने हातभर लांबीचा नवा नारू तयार होतो. म्हणजे उपाय अत्यंत सोपा आहे. पाणी दाट कापडातून गाळून घ्यावे आणि विहिरीत कोणी उतरू नये. पहिली गोष्ट शाळकरी मूल घरी जाऊन आईस सांगू शकते. शाळेतल्या धड्याने एखादा रोग खरोखर हटू शकेल अशी जी थोडी उदाहरणे आहेत, त्यांत हे अग्रगण्य मानावे लागेल. परंतु दुसरी गोष्ट मुलाच्या हातची नाही. पायऱ्या बुजवून विहिरीवर रहाट बसवायचा तर पैसा पाहिजे, गावाचा ठराव पाहिजे, आणि त्या विहिरीवर कोणी यावे याचा निर्णय पाहिजे. भारतातील अखेरचा नारूरोगी १९९६ साली राजस्थानात आढळला व २००० साली देश नारूमुक्त ठरला. हे यश गाळण्याच्या कापडाइतकेच पायविहिरी बंद करण्याच्या कामाचे आहे. स्वच्छतेच्या धड्यात विहिरीच्या मालकीचा प्रश्न दडलेला असतो, तो असा.

हाच प्रश्न शाळेच्या ओसरीवर पाण्याच्या माठापाशी उघडा पडत असे. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या वा चालवलेल्या विहिरी, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. तो अमलात किती आला याची कल्पना पुढे १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीच्या कामावरून येते. डॉ. आंबेडकर व ठक्करबाप्पा हे तिचे सभासद होते. दलित मुलांना सरसकट शाळांत प्रवेश, बसण्याची जागा व पाणी हे विषय १९३० सालीही समितीला हाताळावे लागले, यातच सर्व आले. ज्या मुलाला माठास हात लावू दिला जात नाही त्यास ‘स्वच्छ पाणी प्यावे’ हे वाक्य घोकावयास लावणे, याहून विपरीत शिक्षण कल्पिणे कठीण.

या समितीचे अध्यक्ष ओ. एच. बी. स्टार्ट हे त्यापूर्वी ‘गुन्हेगार जमातीं’च्या वसाहतींचे प्रमुख अधिकारी होते, आणि अशी एक वसाहत बारामतीस ऑस्ट्रेलियन मिशनच्या देखरेखीखाली होती. वसाहतीतील मुलांना शाळा सक्तीची असे. सबंध तालुक्यात सक्तीचे शिक्षण स्वप्नवत असताना ते प्रथम लाभले तारेच्या कुंपणाआडच्या व हजेरी द्याव्या लागणाऱ्या जमातींच्या मुलांना, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. त्या शाळांनी काही मुलांना अक्षरज्ञान व दवाखान्याची सोय दिली हे नाकारता येणार नाही. पण जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या मुलास नागरिकत्व शिकवण्याचा तो खटाटोप मुळातच विसंगत होता. हा कायदा मुंबई राज्यात १९४९ साली व देशभर १९५२ साली रद्द झाला.

शाळेच्या कारभारात खरा फरक पडला तो १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने. गोखल्यांचे १९११ चे विधेयक फेटाळले गेल्यानंतर अकरा वर्षांनी प्राथमिक शाळा लोकनियुक्त स्थानिक संस्थांच्या हाती आल्या. सक्ती कागदावरच राहिली, कारण पैसा नव्हता. परंतु शाळा कोठे काढावी, छप्पर केव्हा शाकारावे, मास्तर कोणास नेमावे हे आता बोर्डाच्या बैठकीत वादाचे विषय झाले. पुणे जिल्हा लोकल बोर्डावर १९३८ साली बारामतीजवळील काटेवाडीच्या शारदाबाई पवार निवडून आल्या व १९५२ पर्यंत त्या तेथे काम करीत होत्या. कोल्हापूरनजीकच्या गोलिवडे येथे जन्मलेल्या शारदाबाईंचे शिक्षण पुण्याच्या सेवासदनात झाले होते. रमाबाई रानडे व गो. कृ. देवधर यांनी १९०९ साली स्थापिलेल्या या संस्थेत शिक्षिका आणि परिचारिका दोन्ही एकाच छपराखाली तयार होत असत. शाळा आणि दवाखाना ही एकाच कामाची दोन अंगे होत, ही दृष्टी त्या वास्तूतच होती असे म्हणावयास हरकत नाही. शरद पवार यांनी आपल्या आठवणींत सांगितले आहे की, डिसेंबर १९४० मध्ये जन्मानंतर तिसऱ्याच दिवशी आई आपल्याला घेऊन बोर्डाच्या बैठकीस पुण्यास गेली. ही हकीकत मातृभक्तीच्या अंगाने पुष्कळदा सांगितली जाते. शिक्षणाच्या इतिहासकाराने तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहावे : खेड्यातील एक बाई ओल्या अंगाने एसटीपूर्व काळातला तो प्रवास करते, कारण बैठक चुकली तर निर्णयही चुकतो. नागरिकशास्त्राच्या कोणत्या पुस्तकात हा पाठ होता?

याच सुमारास वर्धा योजनेचे वारे वाहू लागले होते. झाकिर हुसेन समितीच्या अभ्यासक्रमात आरोग्यशास्त्र व नागरिकशास्त्र यांना मानाचे स्थान होते, आणि मूलोद्योगी शिक्षणाची पहिली अखिल भारतीय परिषद ऑक्टोबर १९३९ मध्ये पुण्यासच भरली. कल्पना थोर होती; पुढे बहुतेक ठिकाणी ती टकळीच्या तासापुरती उरली. दुसरीकडे इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर वालचंद हिराचंद यांनी १९३४ च्या सुमारास साखर कारखाना व त्याभोवती वालचंदनगर उभे केले. तेथे कामगारांच्या मुलांना शाळा, दवाखाना व नळाचे पाणी एकत्र मिळाले. मात्र ते कंपनीने दिलेले होते, मागून घेतलेले नव्हते. शेजारच्या गावांना त्याचा कित्ता गिरवणे शक्य नव्हते.

जिल्हा परिषदांची स्थापना १ मे १९६२ रोजी झाली. या घटनेकडे साधारणतः राजकीय विकेंद्रीकरणाची पायरी म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिचे महत्त्व असे की, गावची प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण पाणीपुरवठ्याची बरीचशी कामे ही प्रथमच एका निवडून आलेल्या संस्थेच्या छत्राखाली आली. फुल्यांच्या यादीतील शेवटचे दोन विषय एकाच कचेरीत आले, पण वेगवेगळ्या टेबलांवर. शिक्षण विभागाचा हजेरीपट व आरोग्य विभागाची तपासणीची नोंद यांची गाठ घालून देणे पुढील अनेक वर्षे ज्याच्या त्याच्या, म्हणजे बहुधा एखाद्या कळकळीच्या मुख्याध्यापकाच्या, मर्जीवर राहिले. शाळांतून मुलांची आरोग्य तपासणी २०१३ नंतर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकांमार्फत होऊ लागली, आणि २६ जानेवारी २०२० पासून राज्यातील शाळांत संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन अनिवार्य करण्यात आले. तपासणी आणि उद्देशिका, दोन्ही पटावरील मुलांसाठी.

पटाचा हा मुद्दा बारामती-इंदापूरला विशेष लागू पडतो. १९५० च्या दशकापासून माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर येथे सहकारी साखर कारखाने निघाले आणि या तालुक्यांचे दैन्य पुष्कळ अंशी फिटले. त्यांचा ऊस तोडण्यासाठी दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर इत्यादी जिल्ह्यांतून टोळ्या येतात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. कोयत्यावर आलेल्या जोडप्याबरोबर मुलेही येतात. थोरले धाकट्यास सांभाळते, वाढे गोळा करते, पालावर राहते. २००० नंतर अशा मुलांसाठी साखरशाळांचे प्रयोग राज्यात झाले, आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने त्यांना जवळच्या शाळेत बसण्याचा अधिकार दिला. तरीही त्या मुलाचे नाव गावच्या पटावर, देह येथील फडात, अशी स्थिती आढळते. आरोग्य पथक गावी जाते त्या दिवशी ते तेथे गैरहजर असते. येथील शाळेत पथक येते तेव्हा त्याचे नाव पुकारले जाण्याचा संभव थोडा. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पिकलेल्या उसाच्या फडाच्या कडेला, पालापुढच्या पिंपातले पाणी ते पिते. ते गाळलेले आहे की नाही, हे पाहण्याचे काम शिक्षण विभागाचे, आरोग्य विभागाचे, कारखान्याचे की मुकादमाचे, याचा निर्णय अद्याप झालेला नाही.