मेहरूण : थकीत घरपट्टी व कायदेशीर साहाय्य

जळगाव शहराच्या हद्दीत सामावलेले मेहरूण खानदेशात तलावामुळे आणि बोरांमुळे ओळखले जाते. येथील मिळकतींची घरपट्टी जळगाव महानगरपालिका (स्थापना 21 मार्च 2003) आकारते आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 नुसार वसूल करते. त्यामुळे थकबाकीच्या तंटा-तक्रारी तहसील कचेरीत नव्हे, तर महापालिकेत आणि तिथे न मिटल्यास जळगावच्या दिवाणी न्यायालयात चालतात.

घरपट्टी 1 एप्रिल व 1 ऑक्टोबर अशा दोन सहामाही हप्त्यांत आगाऊ देय असते. मुदत उलटली की दरमहा 2 टक्के शास्ती लागते. या दराने 50 महिन्यांत शास्ती मूळ रकमेएवढी होते. थकबाकीदार हबकतो तो बहुधा कराने नव्हे, या आकड्याने. पुढचा क्रम मागणीची नोटीस, जप्तीचे वॉरंट आणि शेवटी लिलाव असा. कर हा मिळकतीवरचा पहिला बोजा (कलम 141) असल्याने जुने घर घेणाऱ्याने खरेदीखतापूर्वी महापालिकेचा थकबाकी नसल्याचा दाखला पाहावा. विकणारा निघून जातो, बोजा घराबरोबर राहतो.

आकारणीच चुकीची वाटत असेल, उदाहरणार्थ मोजमाप जास्त धरले किंवा राहत्या घराला व्यापारी दर लावला, तर नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत घ्यावी लागते. हरकतीचा निकाल पटला नाही तर कलम 406 खाली दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे 15 दिवसांत अपील करता येते आणि त्यापुढे जिल्हा न्यायालयात. खरी अडचण अपिलाच्या अटीत आहे. मागणीची रक्कम आधी महापालिकेकडे जमा केल्याशिवाय अपील ऐकले जात नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील मोफत देते, ही रक्कम देत नाही. ज्याला पैशाअभावी कर भरता आला नाही, त्याच्यासाठी हे दार अर्धेच उघडे राहते.

मोफत वकिलाचा हक्क विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 मधून येतो. महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख रुपये आहे. अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातील प्राधिकरणाच्या कार्यालयात करायचा. चौकशीसाठी 15100 हा क्रमांक आहे.

प्रत्यक्षात बहुतेक तडजोडी लोकअदालतीत होतात. घरपट्टीची प्रकरणे तिथे दावा दाखल होण्यापूर्वीही ठेवली जातात. शुल्क नाही, झालेला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नाही, म्हणून सहीपूर्वी हप्ते नीट वाचावेत. तडजोड न झाल्यास हक्क जात नाहीत. मात्र शास्तीत सूट देणे लोकअदालतीच्या हातात नसते. ती महापालिका ‘अभय योजना’ जाहीर करून देते. मूळ कर भरावाच लागतो. सवलतीचा मार्ग महापालिकेला स्वतःलाही परका नाही : हुडको या केंद्र सरकारच्या वित्तसंस्थेच्या थकलेल्या कर्जापायी तिची बँक खाती गोठवली गेली होती आणि तो प्रश्न राज्य सरकारच्या मदतीने एकरकमी परतफेडीवर मिटला.

महापालिका संकुलांतील गाळ्यांचे थकीत भाडे हा निराळा विषय आहे. तिथे घरपट्टीचे नियम नव्हे, गाळे खाली करून घेण्याची कलम 81-ब ची कारवाई लागू होते.