नेटमधले सचिन

पाचोऱ्यात गोल्फ कोर्स नाही. तरीही गोल्फवाल्यांचा एक जुना प्रश्न पाचोऱ्यातल्या पोरांना रोज छळतो.

गोल्फचा सराव रेंजवर होतो. पायाखाली सपाट चटई, शेजारी चेंडूंची बादली. एक फटका चुकला तर लगेच दुसरा चेंडू तयार. खरा खेळ मात्र अठरा होलच्या कोर्सवर. तिथे चेंडू कधी उतारावर असतो, कधी वाळूत, कधी झाडामागे. आणि तिथून मारायची संधी एकदाच. रेंजवर शंभर फटके सरळ मारणारा माणूस कोर्सवर पहिलाच चेंडू झाडीत घालवतो. मग हाताशी असलेल्या वेळातला रेंजला किती द्यायचा आणि कोर्सला किती?

आता रेंजच्या जागी नेट ठेवा आणि कोर्सच्या जागी मैदान. माझा भाचा चौदा वर्षांचा आहे. रोज पहाटे नेटमध्ये जातो, कारण आपल्याकडे मे महिन्यात दहानंतर उन्हात उभं राहणं कठीण. नेटमध्ये त्याचा कव्हर ड्राइव्ह बघत राहावा असा. परवा बऱ्याच दिवसांनी सामना मिळाला आणि तो तिसऱ्या चेंडूवर बाद झाला. घरी येऊन किट कोपऱ्यात टाकली आणि म्हणाला, "मामा, नेटमध्ये तर बरोबर लागत होता ना?"

या प्रश्नाचं एक उत्तर चाळीस वर्षांपूर्वी दादरच्या शिवाजी पार्कवर रोज दिलं जात होतं. देणाऱ्याचं नाव रमाकांत आचरेकर.

आचरेकर सर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. पण त्यांच्या हाताखालून निघालेल्या खेळाडूंची यादी मोठी आहे. १९८४च्या उन्हाळ्यात अजित तेंडुलकर आपल्या अकरा वर्षांच्या भावाला त्यांच्याकडे घेऊन गेला. पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पण ती सांगताना आपण बहुतेक वेळा स्टंपवर ठेवलेल्या रुपयाच्या नाण्यापाशी थांबतो. त्याहून महत्त्वाचा एक आकडा सचिनने आत्मचरित्रात दिला आहे: साठ दिवसांच्या सुट्टीत पंचावन्न सराव सामने.

म्हणजे जवळजवळ रोज एक. सकाळी नेट, मग सामना, संध्याकाळी पुन्हा नेट. सुरुवातीच्या दोन सामन्यांत पोरगा शून्यावर बाद झाला. वर्षाला चारच सामने मिळणाऱ्या मुलाला ही दोन शून्यं सहा महिने झोपू देणार नाहीत. रोज सामना असणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा बॅट हातात मिळते. अपयश स्वस्त होतं, म्हणून ते पचतं.

सामने चालू असताना सर कधी झाडाआड उभे राहून खेळ बघत. कोणाचा पाय हलला नाही, कोणाची बॅट उशिरा आली, हे टिपून ठेवत आणि नंतर नेटमध्ये नेमकं तेवढंच घोटून घेत. माझ्या मते त्यांच्या पद्धतीचं खरं मर्म इथे आहे. सामना चूक दाखवतो, पण दुरुस्त करायला वेळ देत नाही. बाद झालात की तंबूत. नेट दुरुस्तीला शंभर चेंडू देतं, पण कोणती चूक दुरुस्त करायची ते सांगत नाही. सरांनी या दोन्हींमधलं अंतर काही तासांवर आणलं. दुपारी सापडलेली चूक संध्याकाळी नेटमध्ये.

ते नाणंही आता वेगळं दिसतं. दिवसाच्या शेवटी, पोरगा थकलेला असताना, सर स्टंपवर एक रुपया ठेवत. जो गोलंदाज बाद करेल त्याचा रुपया. कोणीच करू शकलं नाही तर सचिनचा. नेटमध्ये बाद होण्याला किंमत नसते, ती त्या रुपयाने आणली. सरावात सामन्याचा थेंब टाकला.

एकदा सरांनी ठरवून दिलेला सामना सोडून सचिन वानखेडेवर आपल्या शाळेच्या मोठ्या मुलांचा सामना बघायला गेला. सरांनी तिथेच त्याला फैलावर घेतलं. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत बसू नकोस, लोक तुझ्यासाठी वाजवतील असा खेळ, हा त्या बोलण्याचा अर्थ. फेब्रुवारी १९८८मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डमध्ये त्याने आणि विनोद कांबळीने शारदाश्रमसाठी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, तेव्हा दोघांच्या मागे अशा शेकडो दुपारी होत्या.

पण हे एकट्या सरांचं कर्तृत्व नव्हतं. रोज सामना खेळवायचा तर मैदान लागतं. शिवाजी पार्क १९२५मध्ये लोकांसाठी खुलं झालेलं. आझाद मैदानावर बावीस खेळपट्ट्या, एकाचा पॉइंट दुसऱ्याच्या मिडविकेटला टेकलेला. आणि पाऊस पडला की मुंबईत खेळ थांबत नाही, कांगा लीग सुरू होते. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाची ही स्पर्धा १९४८पासून ऐन पावसाळ्यात खेळली जाते. ओली खेळपट्टी, गुडघ्याकडे झेपावणारं गवत. जमिनीवरून मारलेला चेंडू वाटेतच थांबतो. नेटमध्ये शिकलेलं तिथे जसंच्या तसं चालत नाही. सचिन या लीगमध्येही अकराव्या वर्षीच उतरला. आपल्याकडे काळ्या मातीत एक जोराची सर आली की चार दिवस मैदानात पाय टाकता येत नाही. हा फरक गुणवत्तेचा नाही, जमिनीचा आहे.

दुसऱ्या टोकालाही एक उदाहरण आहे, आणि ते गोल्फचंच. अली शेर दिल्ली गोल्फ क्लबमध्ये कॅडी होता. म्हणजे दुसऱ्यांच्या बॅगा उचलणारा. शिकवणीचे पैसे भरून नव्हे, कोर्सवर वावरत तो खेळ शिकला. १९९१मध्ये त्याने इंडियन ओपन जिंकली. ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक गोल्फर.

अभ्यासकांनाही साधारण हेच दिसलं. १९८६मध्ये गुड आणि मॅगिल या दोघांनी बॅडमिंटनच्या तीन सर्व्हिस नवशिक्यांना शिकवल्या. काहींनी एकेक सर्व्हिस सलग घोटली, काहींनी तिन्ही उलटसुलट क्रमाने मारल्या. नंतरच्या परीक्षेत उलटसुलटवाले पुढे निघाले. सामन्यातही पुढचा चेंडू कसा येणार हे आधी कोण सांगतं?

मग भाच्याला काय सांगायचं? नेट सोड, असं नाही. पंचावन्न सामने पाचोऱ्यात मी कुठून आणू? पण गेल्या रविवारी आम्ही एक केलं. नेट काढून टाकलं, आठ पोरं भोवती उभी केली आणि नियम ठेवला: बाद झालास की बॅट खाली, पुढचा नंबर अर्ध्या तासाने. पहिल्यांदा तो चौथ्या चेंडूवर गेला. अर्धा तास लिंबाखाली बसून स्वतःचा पाय कुठे पडला ते आठवत राहिला. संध्याकाळी नेटमध्ये गेला तेव्हा कव्हर ड्राइव्ह मारलाच नाही. तासभर फक्त आत येणारे चेंडू खेळला.

स्टंपवर मी दहा रुपयांचं नाणं ठेवलं होतं. महागाई वाढली आहे. ते अजून त्याला मिळालेलं नाही.