हिजरी ४४६ चा तारा

हिजरी सन ४४६, म्हणजे इसवी सन १०५४. बगदादचा हकीम इब्न बुतलान तेव्हा कॉन्स्टँटिनोपलमध्ये होता. तिथे पसरलेल्या साथीविषयी लिहिताना त्याने एक गोष्ट नोंदवून ठेवली. त्या वर्षी मिथुन राशीत एक विलक्षण तारा उगवला आणि शरद ऋतूत शहरात चौदा हजार माणसे दफन झाली. तारा आणि मृत्यू यांचा संबंध आज कोणी मानणार नाही. पण सन आणि रास त्याने बरोबर लिहिली. चिनी दरबाराच्या नोंदींप्रमाणे हाच तारा त्या जुलैपासून २३ दिवस भरदिवसा दिसत होता.

सारे काही आपल्या पूर्वजांनी आधीच शोधले होते, असे सांगण्याची आपल्याला फार हौस. इथे तसे म्हणता येत नाही. इब्न बुतलान ख्रिस्ती होता. त्याचा मजकूर टिकला, कारण दमास्कसच्या इब्न अबी उसैबिया या मुस्लिम हकिमाने तेराव्या शतकात तो आपल्या हकिमांच्या चरित्रकोशात उतरवून घेतला. १९७८ साली 'नेचर'मधल्या एका लेखाने तो खगोलशास्त्रज्ञांपुढे आणला.

तो तारा म्हणजे एका मोठ्या ताऱ्याचा स्फोट. त्याचे अवशेष म्हणजे आजचा क्रॅब तेजोमेघ. त्याच्या मध्यभागी पल्सार आहे, हे १९६८ मध्ये कळले. एखाद्या शहराएवढा हा गोळा सेकंदाला तीस फेऱ्या घेतो. त्याच्या अगदी भोवतालची रचना क्ष-किरणांत चांगली दिसते. पण आपले वातावरण क्ष-किरण अडवते, म्हणून दुर्बीण अवकाशात न्यावी लागते. लाहोरला जन्मलेल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव दिलेली 'चंद्रा' दुर्बीण जुलै १९९९ मध्ये वर गेली. काही आठवड्यांतच तिने क्रॅबचे चित्र पाठवले. पल्सारभोवती तेजस्वी कडी आणि अक्षाच्या दोन्ही टोकांना निघालेले कणांचे झोत त्यात स्पष्ट दिसत होते. पल्सारची फिरकी आणि चुंबकीय क्षेत्र मिळून कणांचा वारा बाहेर फेकतात. त्यातला काही भाग आवळला जाऊन अक्षाच्या दिशेने झोत बनतो, असे शास्त्रज्ञ मानतात.

वेला पल्सारचा झोत याहून चंचल. अर्धा प्रकाशवर्ष लांबीचा हा झोत हातातून सुटलेल्या पाण्याच्या नळीसारखा वळवळताना 'चंद्रा'ने टिपला. २००३ मध्ये ती दृश्ये प्रसिद्ध झाली. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा सहभाग असलेल्या भारतीय 'ॲस्ट्रोसॅट'ने (२०१५) क्रॅबच्या क्ष-किरणांचे ध्रुवीकरण मोजले.

आता या दोन पल्सारांतला फरक पाहा. वेलाचे वय साधारण अकरा हजार वर्षे मानतात. तो किती मंदावत चालला आहे, यावरून बांधलेला हा अंदाज. क्रॅबचे वय मात्र वर्षासकट ठाऊक आहे. म्हणून तरुण पल्सार कसा वागतो, त्याची शक्ती कशी खर्च होते, हे पारखताना शास्त्रज्ञ पुन्हा पुन्हा क्रॅबकडे वळतात. झोत दुर्बिणीने दाखवला. जन्मसाल जुन्या कागदांनी दिले.

आपल्या घरांतल्या पेट्यांत, मशिदी-दर्ग्यांच्या कपाटांत फारसी, उर्दू, मोडीतले कागद वाळवी खाते आहे. त्यांत तारा असेलच असे नाही. एखाद्या साथीचा, दुष्काळाचा, पुराचा सन असेल. इब्न बुतलानलाही आपण काय लिहून ठेवतो आहोत, हे कुठे माहीत होते?