शीतला घाटाचा स्फोट आणि वाशीतील उघडे वायफाय

७ डिसेंबर २०१० रोजी संध्याकाळी वाराणसीत दशाश्वमेधालगतच्या शीतला घाटावर गंगा आरती सुरू असताना स्फोट झाला. एका चिमुकलीचा बळी गेला, अनेक जण जखमी झाले. त्यानंतर लवकरच जबाबदारी स्वीकारणारा इंडियन मुजाहिदीनचा ईमेल माध्यमांना मिळाला. त्याचा आयपी पत्ता घाटापासून सुमारे १,२०० किलोमीटर दूर, नवी मुंबईतील वाशीच्या एका घरातील वायफाय जोडणीचा निघाला. घरच्यांची चौकशी झाली. जोडणीला संरक्षणच नव्हते.

हा प्रकार पहिला नव्हता. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटे आधी आलेला ईमेल सानपाड्यातील एका अमेरिकी रहिवाशाच्या वायफायवरून गेला होता. त्याचे संगणक तपासासाठी घेतले गेले आणि काही आठवडे तो संशयाच्या छायेत राहिला. पुढे ऑगस्टमधील ईमेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या जोडणीवरून, तर सप्टेंबरात दिल्लीच्या स्फोटांवेळचा चेंबूरमधील एका कंपनीच्या जोडणीवरून गेला. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सेवा पुरवठादारांना वायफाय सुरक्षित करण्याविषयी सूचना दिल्या. तरीही पावणेदोन वर्षांनी वाशीचे राउटर उघडेच होते.

येथे दोन गोष्टींची गल्लत होते. बाहेरच्या जगाला दिसणारा आयपी पत्ता राउटरच्या जोडणीचा असतो, माणसाचा नव्हे; घरातील सर्व उपकरणे, आणि आगंतुकही, त्याच एका पत्त्याआड वावरतात. दुसरे म्हणजे, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते. विटांची भिंत त्यांना क्षीण करते, अडवत नाही. घराची हद्द आणि जालाची हद्द त्यामुळे कधीच जुळत नाही. कुलूप लावायचे तर ते गणितानेच.

पहिले कुलूप, १९९७ चे डब्ल्यूईपी, तकलादू होते. प्रत्येक डेटा-पाकिटाची किल्ली बदलती ठेवण्यासाठी त्यात २४ बिटांचा आकडा वापरला जाई, म्हणजे एकूण १,६७,७७,२१६ शक्यता. आकडे यादृच्छिक निवडले तरी सुमारे ४,८०० पाकिटांतच एखाद्याची पुनरावृत्ती होण्याची शक्यता निम्म्यावर जाते (एकाच वर्गात दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याचे तेच गणित). २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी मूळ आरसी४ पद्धतीतील याहून घातक दुबळेपणा दाखवला. २००७ मध्ये डार्मस्टाटच्या संशोधकांनी हे कुलूप मिनिटाभराच्या आत उघडून दाखवले. सानपाड्याची घटना त्यानंतरच्या वर्षातली.

२००४ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए२ ने पाया बदलला. पासवर्डपासून किल्ली काढताना त्यात ४,०९६ वेळा गणन होते, जेणेकरून प्रत्येक अंदाज महाग पडावा. पण जोडणीच्या क्षणीची देवाणघेवाण एकदा टिपली की हल्लेखोर घरी बसून हवे तितके अंदाज तपासू शकतो; तेथे छोटा पासवर्ड टिकत नाही. शिवाय सोयीसाठी दिलेली डब्ल्यूपीएस ही पळवाट होतीच. तिचा आठ अंकी पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा अंक केवळ पडताळणीचा असतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरतात, हे २०११ च्या अखेरीस उघड झाले.

जालाचे नाव लपवणे किंवा ठरावीक उपकरणांचेच मॅक पत्ते स्वीकारणे, हे अजूनही आवर्जून सुचवले जाणारे उपाय तर निव्वळ समाधानापुरते. मॅक पत्ता कूटलेखन चालू असतानाही हवेत उघडाच जातो; तो ऐकून नक्कल करण्यास विशेष कौशल्य लागत नाही. लपवलेले नावही घरचे उपकरण जोडले जाताना स्वतःच उच्चारते.

२०१८ च्या डब्ल्यूपीए३ मध्ये टिपलेल्या देवाणघेवाणीवरून अंदाज तपासता येत नाही. प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी नव्याने संवाद साधावा लागतो. जुन्या उपकरणांसाठी मात्र बहुतेक राउटर डब्ल्यूपीए२ सोबतच चालवले जातात, आणि तेथे भिस्त पुन्हा पासवर्डच्या लांबीवर येते.