तेरची खापरे

तेरला आपण जातो ते गोरोबाकाकांच्या समाधीला. तेरणेच्या पाण्यात पाय धुवायचे, दर्शन घ्यायचे आणि एस.टी. गाठायची. गावातल्या लामतुरे संग्रहालयाकडे माझी पावले वळली ती, खरे सांगायचे तर, गाडी चुकली म्हणून.

आत शिरलो आणि पुढच्या गाडीचीही आठवण राहिली नाही. शंखाच्या बांगड्या, रंगीत मणी, नाणी, पांढऱ्या मातीच्या बाहुल्या! आणि एक हस्तिदंती स्त्री. उंची वीतभरसुद्धा नाही, पण अंगावरचे दागिने कसे ठसठशीत! ती म्हणे एका आरशाची मूठ होती. इटलीतले पाँपेई शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथे १९३८ साली जी भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, तिच्याशी हिचे जवळचे साम्य आहे. त्याच शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचे मोठे शहर सांगितले आहे. तिथले कापड आणि मलमल गाड्यांतून, आडवाटांनी, भडोच बंदरात जाई. ते तगर म्हणजेच हे तेर.

ही दौलत जमवली कोणी? रामलिंगप्पा लामतुरे या गावच्याच एका व्यापाऱ्याने. पांढरीच्या टेकाडांवर पावसाने उघडे पडणारे जे तुकडे तुम्हीआम्ही पायाने उडवू, ते या गृहस्थाने उचलून घरी नेले. व्यापाऱ्याला नफा दिसतो म्हणतात. यात कसला नफा?

मला मात्र तिथे उभे असताना आमची सातवीची खोली आठवली. मी पानिपत शिकवीत होतो. मागच्या बाकावरच्या एका पोराने शेतात सापडलेले खापर पुढे केले. काळेभोर, गुळगुळीत.

“गुरुजी, हे किती जुनं असंल?”

“टाक ते बाहेर आणि हात धुऊन ये,” मी म्हणालो. त्याने ते खिडकीतून टाकले. पुन्हा त्याने वर्गात काही विचारल्याचे मला आठवत नाही.

गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून कच्चे मडके कोणते आणि पक्के कोणते ते पारखले, ही कथा मी दरवर्षी मोठ्या रंगात सांगतो. मुले हसतात. त्या दिवशी कुणी माझ्या डोक्यावर थापटणे मारले असते तर कसला आवाज आला असता, ते मला ठाऊक आहे.

सोमवारी शाळेत गेलो तो आधी त्या खिडकीखाली जाऊन पाहिले. तिथे आता फरशी बसवली आहे.