जोड

कोल्हापुरात बर्फ पडत नाही. तेव्हा बर्फावरच्या शर्यतींविषयी येथल्या माणसाने लिहावे, हे वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण साठी उलटल्यावर मी या इतिहासाकडे वळलो तो एका शब्दामुळे. तो शब्द म्हणजे ‘जोड’. आणि तो आमच्या कुस्तीच्या मैदानातला आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ सालच्या युरोपच्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले, आणि त्या धर्तीवर बांधलेले खासबागेचे मैदान १९१२ साली खुले झाले. मैदानी कुस्ती लागते ती जोड पाहून. गड्याची अंगकाठी, वय आणि तयारी पारखून जाणकार तोडीस तोड गडी समोर उभा करतात. विजोड कुस्तीत पाहणाऱ्यालाही गोडी वाटत नाही.

परंतु वय झाले, की पैलवानाला जोड मिळेनाशी होते. मग तो वस्ताद होतो. गणपतराव आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले, १९६४ साली टोकियोच्या ऑलिंपिकला गेले आणि पुढे मोतीबाग तालमीत त्यांनी पिढ्या घडविल्या. हा मान थोरच. तथापि मान मिळाला म्हणून खेळण्याची भूक भागते असे नाही.

बर्फावरच्या वेगशर्यतीत मात्र ही भूक ओळखली गेली. या खेळाची जागतिक संस्था १८९२ साली हॉलंडमध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी ॲमस्टरडॅमला तिची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा भरली. चारशे मीटरांच्या धावेवर एका वेळी दोघेच धावतात, म्हणजे येथेही जोडच; निकाल मात्र घड्याळ देते. प्रौढांसाठी या खेळात तिशीपासून पाच-पाच वर्षांचे गट पाडले आहेत, आणि सत्तरीचा गडी सत्तरीच्याच गड्याशी झुंजतो.

हे गट नसले तर काय होते? जर्मनीची क्लाउडिया पेचस्टाइन पाच ऑलिंपिक सुवर्णपदकांची मानकरी. २०२२ साली बीजिंगला ती आपल्या आठव्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरली, तेव्हा पन्नाशीला थोडेच दिवस उरले होते. तीन हजार मीटरांत ती वीस जणींत शेवटची आली. तिची जिद्द वंदनीय खरी, पण ही जोड नव्हे!

कोणी म्हणेल, वयाचे गट पाडून मिळविलेले पदक म्हणजे म्हाताऱ्यांची समजूत घालणे. त्यांना मी खाशाबा जाधवांची आठवण देतो. राजाराम कॉलेजच्या या विद्यार्थ्याच्या हेलसिंकीच्या वारीसाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकले होते. १९५२ साली खाशाबांनी कांस्यपदक आणले ते ५७ किलोच्या गटात. शंभर किलोच्या मल्लाला त्यांनी चीत केले नाही, म्हणून त्या पदकाचे मोल कमी झाले काय? वजन हे जसे शरीराचे सत्य, तसेच वय. एकाचा गट पराक्रमाचा आणि दुसऱ्याचा दयेचा, हा न्याय कोठला?

परदेशी कुस्तीतही आता पस्तिशीपुढच्या मल्लांसाठी वयोगटांच्या जागतिक स्पर्धा होतात. उतारवयात हाडे सांभाळली पाहिजेत, हे खरे. प्रत्येकाने आखाड्यातच उतरावे असे माझे म्हणणे नाही. कोणी पोहावे, कोणी धावावे. पण ज्या गावाने जोड पारखण्याची विद्या एवढी जोपासली, त्याने आपल्या वृद्धांना फेटा बांधून कडेला बसवून ठेवू नये. त्यांचीही जोड शोधावी.